फक्कीने आखलेले रस्ते

“रविवारी पार्ट्या आल्या की विसार परत दे आणि पावत्या काढून घे,” शेठ म्हणाले. पार्ट्या म्हणजे प्लॉट घेणारी गिऱ्हाइकं, विसार म्हणजे त्यांनी सौदा ठरवताना दिलेली आगाऊ रक्कम. खरेदीखत अजून कुणाचंच झालं नव्हतं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. डोंबिवली स्टेशनच्या पूर्वेला भाताची खाचरं होती. शेठनी ती घेतली, ले-आउट काढला. मी गिरगावातल्या चाळी पालथ्या घालून प्लॉट विकले. बदल्यात कोपऱ्यावरचा प्लॉट माझा, असं शेठचं तोंडी वचन. आता ठाण्याच्या एका कारखानदाराला सगळी जमीन एकगठ्ठा हवी होती, चढ्या भावाने.

“मी शब्द दिलाय लोकांना,” मी भडकलो.

“तू दिलायस. मी नाही.”

रविवारी गेलो. भात कापून झालेलं, नुसती धसकटं. त्यांतून प्लॉट आणि रस्ते दाखवणाऱ्या फक्कीच्या, म्हणजे चुन्याच्या, रेघा मीच मारलेल्या. पार्ट्या डबे घेऊन आल्या होत्या आणि आपापल्या रेघांच्या आत सतरंज्या टाकून बसल्या होत्या. मी सरळ मधून निघालो.

“अहो दलाल, रस्त्यानं या,” एक काकू म्हणाल्या. “ते आमचं स्वयंपाकघर आहे.”

“कसलं स्वयंपाकघर? धसकटं आहेत ही.”

“असू देत. तिथंच उभं राहायचं तर चपला काढा.”

मी आजूबाजूला पाहिलं. चारी बाजूंना मोकळं रान, पण एकही माणूस रेघ ओलांडत नव्हता. पोरं पळतानासुद्धा कोपऱ्यावर वळत होती. शेजारी जायचं तर लोक रस्त्याने फिरून जात आणि जिथे दार येणार तिथे थांबून हाक मारत. जन्मभर मी जमिनी विकल्या. गाव वसताना पाहिलं ते तेवढ्या एका सकाळी. विसाराची पिशवी खांद्यालाच राहिली. चपला कधी काढल्या, कळलं नाही.

तेवढ्यात शेठ कारखानदाराला घेऊन धसकटं तुडवत आले.

“रस्त्यानं या,” काकूंनी त्यांनाही सांगितलं.

शेठ हसले. कारखानदार हसला नाही. तो मागे फिरला, रस्त्यावर गेला आणि सगळे कोपरे वळून आमच्यापाशी आला.

“शेठ, रिकामी जमीन म्हणाला होतात,” तो म्हणाला. “एवढी घरं मी उठवू कशी?”

आल्या रस्त्याने तो निघून गेला.

पार्ट्यांची खरेदीखतं झाली. माझा प्लॉट मात्र शेठनी दिला नाही. “सौदा तुझ्या फक्कीनं मोडला,” म्हणाले. मी पुष्कळ तणतणलो, पण हातात कागद नव्हता. त्या गल्लीला आज शेठचं नाव आहे. ती वळते मात्र मी फक्की मारली तिथेच.

तेव्हापासून माझं कमिशन मी आधी लिहून घेतो. आणि मालकाचं मन डळमळीत दिसलं, तर फक्की मारत नाही. लोक लगेच राहायला लागतात.