सरकार बघायला गेलो तो दिवस

सुताला लावलेल्या खळीचा वास आला की मला भिवंडीतल्या शाळेची शेवटची सहल आठवते. मुंबईला, विधान भवन बघायला जायचं होतं. बाबा कापडाचा लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे, पण खोकल्याने पार खचले होते. आजारी माणसाने आपल्या जागी बदली दिली तरच त्याचा लूम टिकायचा, आणि घरात बदलीला मीच होतो. मुकादम दारात येऊन म्हणाला, "कल से लडके को भेजो, नहीं तो लूम दूसरे को दूँगा." नेमकी दुसऱ्याच दिवशी सहल. सकाळी मी कामाचे कपडे घातले, तर बाबाच डबा घेऊन उभे. "आजचा दिस मी जातो. तू सरकार बघून ये." विधान भवनात गारवा होता, पायाखाली जाड गालिचा होता. तिथल्या साहेबांनी आमचे हक्क समजावून सांगितले. शिक्षणाचा हक्क चौदा वर्षांपर्यंत, असं ते म्हणाले तसं मी विचारलं, "सर, पंधरावं लागलं असेल तर?" पोरं हसली. साहेब हसले नाहीत; त्यांनी पुढचा हक्क सांगायला घेतला. संध्याकाळी बाबा भिंतीला टेकून धापा टाकत होते. "काय म्हनलं सरकार?" मी चौदा वर्षांचं सांगितलं. "मंग मी वरीसभर आधीच आजारी पडायला पायजे होतो, न्हाय?" म्हणत हसायला गेले आणि खोकतच बसले. दुसऱ्या दिवशी मी लूमवर उभा राहिलो. आता घरापासून लांब, सुरतेत कामाला आहे. तब्येत साथ देईल ना, ही धाकधूक रोजचीच. पण आमच्या घरात सरकार आतून बघितलेला मी एकटाच. ते मला बाबांनी दाखवलं, आणि ती त्यांची शेवटची शिफ्ट होती.