नाईकांच्या दंडावर काही उठलं नाही

"मी नाई त कोणीच नाई," असं म्हणत आमचे नाईक बाही वर सारायचे आणि कुणी बोलावण्याआधी पुढ्यात येऊन बसायचे. सगळीकडे पहिला जाणारा असा एखादा तुमच्याही पाहण्यात असेल. पण नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख, आणि दारव्ह्याकडच्या त्या बंजारा तांड्यात ती हौस नव्हती, रीत होती. नव्या विहिरीचा पहिला घोट नाईकाचा. नव्या वाटेवर पहिली बैलगाडी नाईकाची. त्यांनी केल्याशिवाय तांडा काही करत नसे.

साठ सालानंतरची गोष्ट. मी देवी टोचणारा, नोकरीत नवाकोरा. सायकलला लसीची पेटी आणि डोक्यात पुस्तकी ज्ञान. नाईकांचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला, एक डोळा त्यातच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. ते पाहून मी शहाणपणा केला.

"नाईक, तुम्हाला देवी येऊन गेल्या. आता पुन्हा यायच्या नाहीत. लस कशाला वाया घालवू?"

नाईक उठले. त्यांच्यामागे रांगेतल्या बायाही लेकरं काखोटीला मारून उठल्या! दोन मिनिटांत पिंपळाखाली उरलो मी आणि माझी सायकल.

"डाक्टर, मले नको, हे तुले समजते. ह्यायले समजते का?" नाईक कडाडले. "बोरी अरबच्या बाजारात लोक सांगून राह्यले, पल्याडच्या गावात देवी आल्या म्हणून. आता कायले वाट पाह्यतं? टोच!"

टोचलं. मग अख्ख्या तांड्याला टोचलं. फक्त बाळंतपणाला माहेरी आलेल्या नाईकांच्या लेकीचं बाळ राहिलं, कारण त्याला ताप होता. मी शीळ घालत परतलो.

आठव्या दिवशी पाहायला गेलो, तर बायांनी मला घेरलंच. पोरांच्या दंडावर टपोरे फोड, अंगात कणकण. नाईकांच्या दंडावर काहीच नाही! उठणार कसं? ज्याला देवी येऊन गेल्या, त्याच्या अंगात लस सहसा उठतच नाही. पण हे ऐकायला कोण थांबतंय?

"नाईकाले पानी टोचलं अन् आमच्या लेकरायले रोग!" लेकच ओरडली. बाळाचा ताप उतरला होता, पण तिनं त्याला पदराखाली असं धरलं की मला त्याचं बोटही दिसेना. साथ दोन कोसांवर आलेली.

नाईक मात्र शांत. त्यांनी लेकीचा हात धरून आपल्या गालावर ठेवला.

"हात फिरव बाई. शीतळा याडीनं, आपल्या मायनं, मले एवढे देल्ले. तुह्या दोन भावायले याच्याहून जास्त देल्ले. ते राह्यले नाई. ह्या लेकरायचं एकावर भागलं. तुह्या लेकराले एक पायजे का एवढे पायजे, सांग."

लेक हमसून हमसून रडली. मग तिनंच बाळाचं अंगडं वर केलं. मी टोचलं.

साथ शेजारच्या गावापर्यंत आली आणि ओसरली. त्यानंतर मी जीव खाऊन सायकल हाणत तांड्यात गेलो. तीच आमची शेवटची भेट. पुढच्या उन्हाळ्यात नाईक गेले. त्या भेटीतच त्यांचा दुसरा डोळाही गेल्यात जमा होता.

"डाक्टर, तांड्यात एकालेही नाई आल्या म्हणते. मले दिसत नाई. खरं काय?"

"खरं! अगदी खरं!" मी ओरडलोच.

माझ्या सांगण्यावर त्यांचं भागलं नाही. त्यांनी सगळी पोरं ओळीनं उभी केली आणि एकेकाच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत तळवा फिरवला. पोरं गुदगुल्यांनी खिदळत होती. शेवटी लेकीनं बाळ पुढे केलं. त्याच्या गालांवरून तो खरखरीत हात एकदा फिरला, दोनदा फिरला, तिसऱ्यांदा फिरला.

"साफ हाये," ते म्हणाले, आणि हात काही काढेनात.