शनिवारच्या टाळ्या

मी डूख धरणारी बाई आहे, आणि हे मी लाजून सांगत नाही. कुणी माफ करून मोकळं होतं, कुणी विसरून. मला मात्र फिटंफाट झाल्याशिवाय चैन पडत नाही.

जागतिक मंदीची चर्चा सुरू व्हायच्या जरा आधीची गोष्ट. पनवेलच्या एका ऑफिसात मी नोकरी करत होते. न्हावा शेव्याच्या बंदरात जाणाऱ्या कंटेनरांची कागदपत्रं तयार करायचं आमचं काम. माल कुणाचा, कंटेनर कोणता, उतरणार कुठल्या बंदरात, हे सगळं आम्ही टाइप करायचो. आमचे साहेब एकदा लोणावळ्याला कसल्याशा शिबिराला गेले आणि येताना एक वाक्य घेऊन आले. फीडबॅक ही भेट असते.

भेट म्हटली की स्वीकारायला हवी. त्यासाठी साहेबांनी शनिवार ठरवला. जेवणं झाली की आम्ही सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं. साहेब एकेकाची आठवड्यातली चूक सांगणार. ज्याची चूक त्याने हसऱ्या चेहऱ्याने म्हणायचं, "धन्यवाद सर, माझ्या लक्षात आलं." मग बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. खुलासा करायचा नाही, कारण खुलासा म्हणजे अहंकार.

सुरुवातीला मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चूक माझी असली की मी खुशाल धन्यवाद म्हणायचे. शिवाय त्या वर्षी आमच्या विभागाचे प्रमुख निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची मला हवी होती. माझ्याइतकं जुनं त्या कामात कुणी नव्हतं. साहेब म्हणतील तसं हसायची माझी तयारी होती.

मग ते दुबईचे दोन कंटेनर आले. साहेबांनी केबिनच्या दारात उभं राहून, हातात मोबाइल तसाच धरून, मला ओरडून सांगितलं, "मॅडम, दोन्ही दम्मामला करा. पार्टीचा मेल येईल नंतर, आधी करून टाका." आमच्याकडे असंच चालायचं. सगळ्या ऑफिसने ते ऐकलं. मी दोन्ही कंटेनरांचं बंदर दुबईऐवजी सौदीतलं दम्माम केलं. पार्टीला बदलून हवा होता एकच. गोंधळ कळेपर्यंत गाड्या बंदराच्या रांगेत लागल्या होत्या. त्या परत फिरवून द्रोणागिरीच्या यार्डात उभ्या कराव्या लागल्या आणि जहाज निघून गेलं.

शनिवारी साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम घाईत वाचत नाहीत. मेल न बघता बंदर बदलतात." त्यांना खरंच आठवत नव्हतं की आठवायचं नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. मी हसले. म्हणायचं ते म्हटलं. आणि ज्यांनी साहेबांचं ओरडणं आपल्या कानांनी ऐकलं होतं, त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जिन्यात आमचा उरणकडचा सहकारी भेटला. बंदरातली धावपळ तोच बघायचा. खाली मान घालून म्हणाला, "ताई, आमाला पन ऐकू आलेला. पन आमी काय बोलनार? साहेब हाय तो. तू पन बोलली नाय." त्याचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. त्या दिवसापासून मी साहेबांच्या नावाने मनात एक निखारा फुंकत ठेवला.

राग निघाला घरी. कामोठ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये सासूबाईंचा निकाल रोज जेवताना लागायचा. त्या रात्री त्या म्हणाल्या, "आमटी पातळ झाली." मी ताट बाजूला सारलं, हसले आणि म्हटलं, "धन्यवाद आई, माझ्या लक्षात आलं." आणि टाळ्या वाजवल्या. नवरा घास हातात धरून बघतच राहिला.

"मला काय वेडी समजतेस?" सासूबाई कडाडल्या. "टाळ्या कसल्या वाजवतेस? आमटी पातळ झाली म्हटलं, तर सांग की डाळ जुनी आहे, शिजत नाही. भांड माझ्याशी! म्हणजे मला डाळीचं तरी कळेल."

डाळ खरोखरच जुनी होती. आणायची त्यांनीच, वाण्याकडून, स्वस्त मिळते म्हणून. मी ते सांगितलं. आम्ही तासभर भांडलो आणि दुसऱ्या दिवशी घरात नवी डाळ आली. पुढे त्या माझ्या चुका काढत राहिल्या आणि मी उत्तरं देत राहिले. कधी त्यांचं खरं निघायचं, कधी माझं. माझं लग्न झाल्यापासून आमचं इतकं चांगलं कधी जमलं नव्हतं.

साहेबांच्या बाबतीत मात्र मला भांडायचं नव्हतं. मला सूड हवा होता, आणि तो त्यांनी स्वतःच ताटात वाढला. आमचा शनिवार बघायला मुंबईहून मोठे साहेब आले. आमचे साहेब खुशीत होते. सगळ्यांची भेट वाटून झाल्यावर हात पसरून म्हणाले, "आज तुम्ही मला फीडबॅक द्या. अगदी मोकळेपणाने."

एकजण म्हणाला, "सर, तुम्ही तब्येतीकडे लक्ष देत नाही." दुसरी म्हणाली, "सर, तुम्ही आमच्यावर फारच विश्वास टाकता." दोघांनाही साहेबांनी मान झुकवून धन्यवाद दिले. मग माझी पाळी आली. खुर्चीचा निर्णय त्याच आठवड्यात व्हायचा होता, हे मला पक्कं माहीत होतं.

"सर," मी म्हटलं, "दम्मामचं तुम्ही मला केबिनच्या दारातून ओरडून सांगितलंत. इथल्या प्रत्येकाने ते ऐकलंय. चूक तुमची होती आणि टाळ्या माझ्यासाठी वाजवल्या." एवढं बोलून मी हसले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

थोडा वेळ मी एकटीच वाजवत होते. मग उरणवाला वाजवू लागला. मग एकेक करून सगळेच. नियमच होता तो. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी वाक्याची सुरुवात केली, "धन्य..." आणि पुढचं काही येईना. शेवटी म्हणाले, "हे आपण केबिनमध्ये बोलू." मोठे साहेब घड्याळाकडे बघत होते.

खुर्ची मला मिळाली नाही. विश्वासवालीला मिळाली. शनिवारचा गोल मात्र त्यानंतर कधी झाला नाही. घरी टाळ्यांसकट सगळं सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "नोकरीच्या जिवावर उठलीस मूर्खासारखी. पण बरं केलंस." वर्षभरात मी दुसरं ऑफिस गाठलं.

बऱ्याच वर्षांनी पनवेलच्या मार्केटात मेथी घेताना साहेब समोर आले. केस पिकले होते. माझ्यासोबत सासूबाई होत्या. मी ओळख करून दिली, "आई, हे माझे जुने साहेब." इकडचं तिकडचं बोलून झालं. निघता निघता साहेब थांबले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्या दिवशी बोललात ते ठीक होतं. पण चारचौघांत तसं करायला नको होतं. माणसाला लागतं."

मी मनापासून हसले.

"धन्यवाद सर," मी म्हटलं, "माझ्या लक्षात आलं."

शेजारी सासूबाईंनी मेथीची पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि टाळ्या वाजवल्या.