एकाच अक्षरातले फॉर्म

आमच्या कारखान्यात दर हिवाळ्यात एक प्रश्न डोकं वर काढतो: पुढच्या वर्षी सीएसआरचा निधी कुठं घालायचा? नफ्यातला ठरावीक वाटा समाजासाठी खर्च करा, असं कायदा सांगतो. कशावर, ते कंपनीची समिती ठरवते. आणि समितीसमोर गावांच्या गरजा मांडणं हे माझं काम. साताऱ्याच्या ऑफिसात बसून मी ते मोठ्या रुबाबात करायचे. गरजांचा फॉर्मही मीच बनवला होता. आरोग्य, शिक्षण, पाणी, रस्ता, इतर. ज्याची निकड जास्त त्याला पहिला क्रमांक द्यायचा. घरटी एक फॉर्म.

पाटण तालुक्यातल्या एका गावाचे फॉर्म सगळ्यांच्या आधी आले आणि मला भरूनच आलं. झाडून सगळ्यांनी 'इतर'ला पहिला क्रमांक देऊन पुढं लिहिलं होतं, 'स्वागत कमान'. तिच्यावर गावातल्या जवानांची नावं कोरायची होती आणि खाली कंपनीचं. मी अहवालात 'गावाची एकमुखी मागणी' असं ठोकून दिलं. आमचे कारखानाप्रमुख मोजकं बोलणारे. त्यांनी चार फॉर्म टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, सगळ्या गावाचं अक्षर एकच कसं? मी कपाळावर हात मारला. आठवडाभर तो गठ्ठा माझ्याच टेबलावर होता.

दुसऱ्या दिवशी गाव गाठलं. फॉर्म भरणारे निवृत्त सुभेदार ग्रामपंचायतीतच भेटले. ताठ माणूस, मिशीला पीळ. त्यांनी काही लपवलं नाही. गावात निवडणूकसुद्धा बिनविरोध होते, याचा त्यांना कोण अभिमान! देवळात दहा-बारा माणसं बसली, कमान ठरली आणि यांनी घरोघरचे फॉर्म आपल्या वळणदार अक्षरात भरून टाकले. मतं फुटली की गाव फुटतं, असं त्यांचं म्हणणं. यात चुकलं काय, हे त्यांना खरंच कळत नव्हतं. बैठकीला बायका होत्या का, असं विचारल्यावर मात्र ते चहा सांगायला बाहेर गेले.

मी ओढा ओलांडून पलीकडच्या वस्तीकडं निघाले. रानात बायका ओळीनं बसून कांदा भांगलत होत्या, खुरप्यानं तण काढत होत्या. मी बांधावर उभी राहून वही काढली, तर कुणी मान वर करेना. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "बांधावरनं न्हाई कळायचं. पात धरा."

इस्लामपूरला माझ्या आईनं जन्मभर लोकांची रानं भांगलली आणि मी शिकूनसवरून बांधावर उभी. लाज वाटली. खुरपं घेतलं, माझ्या वाट्याची पात, म्हणजे भांगलायची ओळ, धरली. थोड्या वेळानं कंबर धरली, पण शेजारच्या पातीवरची बाई बोलायला लागली.

ती सुभेदारांची सून निघाली. नवरा सैन्यात. घर या वस्तीवर, शाळा ओढ्यापलीकडं गावात. ओढ्याला पाणी आलं की पोरं आठ-आठ दिवस घरी. गेल्या पावसाळ्यात तिची लेक पाण्यात घसरली. सोबतच्या दोघा पोरांनी दप्तराला धरून ओढली म्हणून वाचली. सासऱ्यांच्या कानावर ते कुणी घातलंच नव्हतं. पोरगी हुशार, आठवीत. पण जूनपासून तिची शाळा बंद करायचं घरात ठरलं होतं.

"वढ्यावर पायी जायापुरता साकव झाला तरी शिकंल ती," खुरपं न थांबवता ती म्हणाली. सासऱ्यांना का सांगत नाही, असं विचारलं, तर म्हणाली, "मामांच्या म्होरं मी बसत न्हाई, बोलू कशी?"

मला संताप आला. सुभेदारांचा आला, त्याहून जास्त माझ्या फॉर्मचा. तसंच परत जाऊन मी त्यांना एवढंच म्हटलं, की तुमच्या घरातल्या बायकांना गावाची गरज एकदा विचारा आणि समितीच्या बैठकीला या.

बैठकीत बहुतेकांचा कल कमानीकडं होता. रस्त्यावरून दिसते, कंपनीचं नाव होतं. सुभेदार कोटावर पदकं लावून आले, तेव्हा आता कमान पक्की असं मीही समजले. त्यांनी फॉर्मचा गठ्ठा मागून घेतला आणि वरच्या फॉर्मवरची 'कमान' खोडून 'साकव' लिहिलं. मग दुसरा फॉर्म घेतला. कारखानाप्रमुख म्हणाले, अक्षर पुन्हा एकच आहे.

"व्हय," सुभेदार म्हणाले. "पर या टायमाला इचारून आलोय. नात वाहून जाता जाता वाचली, आन् मी कमान मागत हुतो." आणि त्यांनी तिसरा फॉर्म पुढं ओढला. साकव मंजूर झाला.

पावसाच्या आधी तो झालाही. पोरगी नववीत गेली आणि पावसाळ्यात तिचा एक दिवसही बुडाला नाही. पुढच्या हिवाळ्यात मी गावात फॉर्म न नेता गेले. देवळासमोर बैठक भरली आणि बायका पुढं बसल्या. सुभेदार वही घेऊन कडेला बसले होते. त्यांची सून डोक्यावरचा पदर सावरत उभी राहिली आणि थेट त्यांच्याकडं बघत म्हणाली, "मामा, औंदा मी बोलते."

सुभेदारांनी पेनाचं टोपण काढलं.

"बोल," ते म्हणाले. "मी लिवून घेतो."