लाल रेघेपलीकडचे चार सेकंद

लेक संगणकावर जुन्या जेट विमानांच्या लढाईचा खेळ खेळत होती. तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला, तसा तिने थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, अलगद मागे घेतला. "घाई केली की इंजिन जळतं. पण बाबा, विमानाच्या मेकॅनिकला मी काय शिकवणार?"

खूप वर्षांपूर्वी एका जेट विमानाच्या जमिनीवरच्या इंजिन-चाचणीत मीच थ्रॉटल झटक्यात पुढे ढकलला होता. काटा चार सेकंद लाल रेघेपलीकडे राहिला. बोलणी बसतील म्हणून मी ते नोंदवलं नाही. तापून निवलेला धातू वरून पूर्वीसारखाच दिसतो, माणूसही. दुसऱ्या दिवशी ते विमान कोसळलं आणि वैमानिक गेले. इंजिनामुळेच का, ते कधी कळलं नाही. चौकशीत मी म्हणालो, "सगळं ठीक होतं."

आज लेकीला हे सांगितलं. तिने खेळ थांबवला. "त्या वैमानिकांचं नाव काय होतं?"

मी सांगितलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्या तोंडून बाहेर पडलं.