सासरचा वाद

"आडनावावरून काही कळत नाही हो तुमचं. नक्की कुठले?" सुधाकाकू हळदीकुंकवाला आमच्या अमेरिकेतल्या, कॅरी गावातल्या घरी आल्या होत्या. मग स्वतःच हसल्या. "कुठले का असेना, आरक्षणाच्या कोट्यातले काही इथवर पोचत नाहीत." बाकीच्या बायका हसल्या. मीही हसलो. "कोकणातले," म्हणालो. बायको खाली बघून तिळगूळ वाटत राहिली.

तेवढ्यात फोन आला. मी दुभाष्याचं काम करतो, घरून, फोनवर. बेडरूमचं दार लावलं. इथल्या भिंती लाकडी. पलीकडची शिंकसुद्धा ऐकू येते.

आश्रय मागणारी एक बाई होती. मराठवाड्यातली, इथं डिटेन्शनमध्ये, म्हणजे इमिग्रेशनच्या कोठडीत ठेवलेली. इमिग्रेशनच्या ऑफिसरनं विचारलं, ते लोक तुझ्या जिवावर का उठलेत? ती म्हणाली, "मी महार. नवरा त्यांच्यातला, वरच्या जातीचा. त्याच्या घरच्यांनी त्याला मारून टाकलं, आता मला शोधतायत."

हे मला इंग्रजीत, मोठ्यानं सांगायचं होतं, तेही 'मी महार' असंच; दुभाषा समोरच्याचं 'मी' बदलत नाही. भिंतीपलीकडे सुधाकाकू.

मी सांगितलं, लग्नावरून सासरच्यांशी वाद.

शेवटी ती म्हणाली, "भाऊ, नीट सांगितलंत ना?"

"हो, ताई."

चार दिवसांनी तीच केस पुन्हा माझ्याकडे आली. मराठीचे दुभाषे असे कितीसे. ऑफिसरनं निर्णय वाचला. घरगुती वाद, आश्रयाला हे कारण चालत नाही, परत पाठवणार. माझंच वाक्य, आता मराठीत मीच तिला सांगायचं.

"पण मी तर जातीचं सांगितलं होतं, भाऊ."

मी ऑफिसरला म्हणालो, माझी चूक झालीय, दुरुस्त करायचीय. तो म्हणाला, आज फक्त निर्णय कळवायचाय, तुमच्या दुभाष्यांच्या एजन्सीला लिहा. लिहिलं. उत्तर आलं, कॉल तपासला, काही आढळलं नाही. कोणी तपासला? मराठी येतं कोणाला तिथं? पुन्हा लिहिलं. बाहेर बोललात तर यादीतून नाव काढू, असं कळवलं.

आणि चूक कसली. मी मुद्दाम केलं होतं.

गुरुवारी त्या निर्णयाच्या फेरतपासणीसाठी ती जजसमोर उभी राहील. मी प्रतिज्ञापत्र लिहिलंय, कोर्टात पाठवतोय. तिचं वाक्य जसंच्या तसं. माझंही. खाली कारण: मीही महार आहे, घरातल्या पाहुण्यांना कळू नये म्हणून मी तिची जात गिळली.

बायको म्हणाली, "सुधाकाकूंपर्यंत जाईल हे."

म्हटलं, जाईल कशाला. आजच जाऊन सांगतो. कोर्टाच्या आधी.