दोघांचं गाणं

सकाळी सून ओट्यापाशीच नाचायला लागली. "आबा, परत आले हो दोघं! नऊ वर्षांनी गाणं आलंय त्यांचं!"

तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. एक बाई, एक बाप्या. पेटी नाही, तबला नाही, नुसत्या बटणांच्या मशिनी. कॉलेजात असताना ही पोरगी ह्यांच्यावर जीव टाकायची. मग त्यांचं बिनसलं आणि गाणं थांबलं.

"पिठाची गिरणी चाललीय जणू," मी म्हणालो.

तेवढ्यात बाई गाता गाता थांबली, आणि तिचा अर्धा शब्द बाप्यानं उचलला. माझ्या अंगावर काटाच आला! "परत लाव," म्हटलं. पाच वेळा लावायला लावलं.

आमचं इस्त्रीचं दुकान होतं. खळ दिलेलं लुगडं घडी करायचं तर एक टोक माझ्याकडं, एक माझ्या बायकोकडं. ताणायचं, झटकायचं, मग चालत एकमेकांकडं यायचं. ही गेल्यावर तिचं शेवटचं धुतलेलं लुगडं मी तसंच बोचक्यात कोंबलं. सून दोनदा म्हणाली, घडी घालू, तर मी तिच्यावर खेकसलो. दोघांचं काम तिसऱ्याला कशाला?

पण कोंबून ठेवलेलं नुसतं चुरगळतं. एवढं कळायला मला हे बटणवाले लागले.

मी बोचकं सोडलं. "धर गं टोक. आणि ते गाणं मोठ्यानं लाव."

"आबा, शेजारी ओरडतील!"

"ओरडू देत. तू नीट ताण, सासू बघतीय तुझी."